वेळ कुणाच्या बापाचा?

जागा राखीव आहेत, फी माफ आहे, आता अजून काय पाहिजे तुम्हांला? गिरणीत दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी मला हे विचारतं. विचारणारा वाईट नसतो. त्याला खरंच वाटतं की दार उघडलं म्हंजे झालं.

शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. जागा राखायची वाट १९५१ साली घटनेच्या पंधराव्या कलमात झाली. कबूल. पण डोळखांबच्या वरच्या अंगाला, वाडीवरची ठाकराची पोरगी घ्या. (आमच्या बौद्धवाड्यातलीही चालेल, हंडा तोच.) उन्हाळ्यात आटत आलेल्या विहिरीत वाटी-वाटीनं पाणी भरायचं. ह्याच शहापूर तालुक्यातून तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, पुढं भातसाचंही गेलं. तिकडं नळ सोडला की पाणी. त्या घरातल्या पोराला रोजचे दोन तास मिळतात, तो गणितं सोडवतो. बारावीला त्याला नव्वद टक्के, हिला पन्नास. मग म्हणायचं, गुणवत्ता!

अरे, ते दोन तास हिचे होते. अक्कल लागते, नाही कोण म्हणतो? अक्कल वाडीवरही जन्मते. पण मार्कांत अक्कल किती आणि साठवलेला वेळ किती, हे कधी मोजलंय का? तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातून आलाय. मग हिला जागा दिली तर ते दान कसं? ती उसन्याची फेड, आणि तीही पुरती नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग ठेवले सकाळचे, नोकरीवाल्यानं शिकून कामावर जावं म्हणून. कामगाराच्या घड्याळावर चालणारं कॉलेज! जयंतीला भाषणं ठोकणारे ह्या घड्याळाचं नावही काढत नाहीत. १९८९ साली नाशिकचं मुक्त विद्यापीठ निघालं, पुस्तकं घरी आली. चांगलंच झालं. पण माझी पाळी आठवड्याला बदलते, आणि रात्रपाळीनंतर पुस्तक उघडलं की अक्षरांच्या मुंग्या होतात.

कातकऱ्यांचं तर बोलूच नका. दिवाळी सरली की घरंच्या घरं वीटभट्टीवर उठून जातात, परत येतात पावसाच्या तोंडाला. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. कॉलेजातली त्यांची राखीव जागा रिकामी राहते, आणि लोक म्हणतात, ह्यांना शिकायचंच नाही. परीक्षेच्या तारखा ठरवताना भट्टीच्या तारखा कुणी बघितल्यात?