शब्दाची जागा

2005 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका घराच्या छताला 11 कॅमेरे आणि 14 मायक्रोफोन बसवण्यात आले. घर एमआयटीतले संशोधक डेब रॉय यांचे होते आणि त्यात नुकतेच जन्मलेले बाळही त्यांचेच. पुढची सुमारे तीन वर्षे त्या घरातले बोलणे, वावरणे, खाणेपिणे रोज टिपले गेले. मुलाने दोन वर्षांचा होईपर्यंत उच्चारलेल्या सहाशेहून अधिक शब्दांचा माग काढणारा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. मूल कोणता शब्द आधी बोलेल, याचा अंदाज तो किती वेळा कानावर पडला यावरून काही प्रमाणात येत होता. पण तो शब्द ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक विषयाच्या ओघात येतो का, यावरून हा अंदाज अधिक चांगला येत होता. पाण्याचे नाव बहुतेकदा स्वयंपाकघरात निघे, तर निरोपाचा शब्द दाराशी.

या निष्कर्षाचे मोल कळण्यासाठी बाळापुढची अडचण पाहायला हवी. छापील ओळीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. ‘दूध संपवायचंय ना’ हे बाळाला एकाच ओघात ऐकू येते. मराठी घरात तर तेच दूध घटकेत ‘दुधात’ होते, घटकेत ‘दुधाला’, आणि पाण्याचे ‘पाणी’ हे मूळ रूप विभक्ती लागताच बदलते. एवढ्या ओघातून शब्द वेगळा काढायचा, आणि तोही अर्थ ठाऊक नसताना.

जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 1996 साली या कोड्याचा एक धागा सोडवला. आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी फक्त दोन मिनिटे यंत्राचा सपाट आवाज ऐकवला. त्यात ‘बिडाकू’, ‘पाडोटी’, ‘गोलाबू’ असे निरर्थक शब्द न थांबता, उलटसुलट क्रमाने येत होते. ‘बिडा’नंतर ‘कू’ दर वेळी येई. ‘कू’नंतर काय येईल याचा मात्र नेम नसे. तेवढ्या आधारावर बाळांनी शब्दांच्या कडा ओळखल्या. कोणी न शिकवता, कोणतेही बक्षीस न देता.

प्रत्यक्ष घरात त्यांच्या मदतीला आणखी खुणा असतात. साडेचार महिन्यांचे बाळ स्वतःच्या नावाचा आवाज इतर नावांहून वेगळा ओळखते. सहाव्या महिन्यात त्या परिचित नावाला लागून आलेला नवा शब्दही त्याला वेगळा काढता येतो. एडिनबरा विद्यापीठाच्या 2018 सालच्या अभ्यासात, ज्या बाळांशी बोलताना अक्षरांची पुनरावृत्ती असलेले लाडके शब्द अधिक येत, त्यांचा शब्दसंग्रह पुढे अधिक वेगाने वाढलेला दिसला. अभ्यास इंग्रजी घरांतला होता. पण ‘मम्मं’, ‘भूभू’, ‘काऊ’ म्हणणाऱ्या आजीला ‘बाळाशी शुद्ध बोला’ असे बजावणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

कान याच काळात आपली भाषा निवडतात. जॅनेट वर्कर यांचा 1984 सालचा प्रयोग मराठी वाचकाला जवळचा वाटेल, कारण त्यात हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ यांसारख्या, मराठीतही असलेल्या ध्वनींचा भेद तपासला होता. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो भेद ऐकू आला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. हिंदी घरातल्या बाळांनी तो टिकवून ठेवला होता.

अर्थही याच सुमारास रुजू लागतो. एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंगली यांनी 2012 साली दाखवले, की सहा ते नऊ महिन्यांची बाळे खाण्याच्या वस्तूंची आणि अवयवांची काही नावे ऐकल्यावर योग्य चित्राकडे अधिक पाहतात. पुढे 2017 सालच्या अभ्यासात, गाडी आणि रस एकत्र दाखवल्यावर सहा महिन्यांच्या बाळांना फरक कळला. गाडी आणि बाबागाडी समोर आल्यावर मात्र गोंधळ झाला. याच बाळांच्या घरांतल्या ध्वनिचित्रफिती पाहिल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: जिथे समोर असलेल्या वस्तूंबद्दल अधिक बोलले जाई, तिथल्या बाळांची समज अधिक होती.

म्हणून बाळाच्या कानावर रोज किती शब्द पडायला हवेत, याच्या आकड्यांची पालकांना भीती घालणे चुकीचे आहे. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया वस्तीत बाळाला उद्देशून केलेले बोलणे तासाला सरासरी चार मिनिटांहूनही कमी भरले; तरी तिथली मुले पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बोलू लागतात. उलट पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 सालच्या प्रयोगात, मँडरिन बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली तेव्हा नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी त्या भाषेचे ध्वनी पकडले. त्याच व्यक्तीची चित्रफीत दाखवली तेव्हा काहीच पकडले नाही. अंघोळीच्या वेळी पाण्याबद्दल, भरवताना वरणभाताबद्दल बोलणाऱ्या माणसाची जागा मोबाइलवरचे बडबडगीत घेऊ शकत नाही. पाळणाघर निवडतानाही भिंतीवरच्या तक्त्यांआधी दोन गोष्टी विचाराव्यात: एका बाईकडे किती बाळे आहेत, आणि टीव्ही दिवसभर चालू असतो का? गोंगाटात शब्द वेगळा काढणे मोठ्यांपेक्षा बाळाला फार अवघड जाते.

आणि ज्याच्या कानांपर्यंत हे बोलणे पोहोचतच नाही, त्या बाळाचे काय? ‘मुलगा आहे, उशिराच बोलेल’ असे म्हणत अनेक घरे दोन-दोन वर्षे थांबतात. शब्द ओळखण्याचे काम पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू होते, म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असे वेळापत्रक जगभरचे तज्ज्ञ सांगतात. प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी लसीइतकीच नेमाने व्हायला हवी, आणि ती झाली का, हे घरी जाण्याआधी आईबापांनी विचारायला हवे.