उमेदवारी कशासाठी?



रविवारच्या मिस्सानंतर आवारात उभे राहून बोलताना निवडणुकीचा विषय निघाला, की आपले एक वाक्य ठरलेले असते : "ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे." आणि आपल्यातलाच कुणी पहिल्यांदा उभा राहतो म्हणाला, की दुसरे वाक्य येते : "याला काहीतरी मिळवायचे असणार." पहिले वाक्य आपण नम्रतेने बोलतो, दुसरे शहाणपणाने. निदान आपल्याला तसे वाटते.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच झाले. त्या काळात नळाला पाणी आले नाही किंवा गटार तुंबले, तर कुणाच्या दारी जावे हे आपल्याला कळेनासे झाले. ज्या नगरसेवकाला आपण नावे ठेवत होतो, त्याचे दार निदान ठोठावता तरी येत होते!

उमेदवाराचा हेतू शुद्ध असावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण शंभर टक्के शुद्ध हेतू घेऊन कोण पुढे येतो? याकोब आणि योहान प्रभूकडे उजवीकडची व डावीकडची जागा मागायला गेले होते (मार्क, अध्याय १०). प्रभूने त्यांना हाकलून दिले नाही. मोठे व्हायचे असेल तर सेवक व्हावे लागेल असे शिकवले आणि सोबत ठेवले. बाकीचे दहा जण त्या दोघांवर चिडले. त्यांची चीड तरी कितपत निःस्वार्थी होती, कोण जाणे.

जुन्या करारात, शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, योथामची गोष्ट आहे. झाडे राजा शोधायला निघतात. जैतुनाला आपले तेल सोडवत नाही, अंजिराला गोडवा, द्राक्षवेलीला द्राक्षारस. शेवटी काटेरी झुडूप तयार होते आणि सर्वांना आपल्या सावलीत बोलावते. त्या तिघांची कारणे खोटी नव्हती. आपलीही नसतात : सकाळची लोकल, मुलांची दहावी, घराचे हप्ते. पण झुडपाचा हेतू आपण तपासतो, जैतुनाचा कधी तपासत नाही.

२००७ च्या मुंबई महानगरपालिका निवडणुकीत जुहूच्या रहिवाशांनी एकत्र येऊन अडॉल्फ डिसोझा यांना अपक्ष उभे केले आणि निवडून आणले. ते आपल्या धर्माचे म्हणून हे सांगत नाही. ती काही पात्रता नव्हे. आता चार सदस्यांच्या प्रभागात एकट्या अपक्षाला सगळीकडे पोहोचणे अधिकच कठीण झाले आहे, हेही खरे. पण माणसाच्या मनातले कुणालाच दिसत नाही. त्याला कुणी बोलावले आणि उद्या तो कुणासमोर हिशेब द्यायला बसणार, हे मात्र दिसते. शेजाऱ्यांनी उभा केलेला माणूस मोहात पडणारच नाही असे नाही, पण त्याला विचारणारे शेजारी आधीपासून हजर असतात.

निवडणुकीपूर्वी एका भगिनीने आम्हाला विचारले होते, "मी अर्ज भरू का?" सोसायटीच्या पाण्यासाठी तिने प्रभाग कार्यालयात कितीतरी खेटे घातले होते. आम्ही तिला तिचा हेतू विचारला. बराच वेळ विचारत राहिलो. "तू उभी राहिलीस तर घरोघर पत्रके वाटायला आम्ही येऊ," एवढे मात्र आमच्यापैकी कुणीच म्हणाले नाही. तिने अर्ज भरला नाही.