डोकं दुखतंय हे सांगायला लाज कसली?

बसा सगळे. पिठलं-भाकरी अर्ध्या तासाने खाल्ली तरी चालेल. फोन पिशवीत टाका. हे मी परतीच्या गाडीत बोलणार नाही, तिथे तुम्ही झोपता. लिहून पाठवणार नाही, तिथे तुम्ही अंगठा दाखवून मोकळे होता. इथेच ऐका.

तुकडी पंधरा जणांची. पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत हजर होते नऊ. न आलेल्यांशी मी वेगळं बोलेन. तुम्ही आलात म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. पाठीवर सात किलो वजन घेऊन यायचं, हे सांगून महिना झाला. पाच जणांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि टॉवेल, बाकी काही नाही. दोघांचे नवे बूट अजून खोक्यात आहेत, कारण म्हणे आत्ताच घातले तर खराब होतील. आणि एक जण वाटेतून मागे फिरला, गाडीने घाटरस्त्याने वर आला, आणि पुणे दरवाजापाशी आमच्यात येऊन मिसळला. हजेरी घेताना त्याने खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं. बाकीच्यांच्या पाठी घामाने भिजलेल्या होत्या, याचा शर्ट कोरडा. मी तेव्हा काही बोललो नाही, आत्ता बोलतोय.

वजन नाही आणलं, पुढच्या वेळी आणाल. दम कमी आहे, तो वाढवता येतो. अजून दहा आठवडे हातात आहेत. पण खोटं बोलायची सवय दहा आठवड्यांत जात नाही, आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर माणसाला सगळ्यात आधी गोत्यात आणते ती हीच सवय.

काल रात्री तुमचे आरोग्याचे फॉर्म वाचले. पंधराच्या पंधरा फॉर्मांवर एकच उत्तर: कोणताही आजार नाही, कोणतंही औषध चालू नाही. तुमच्यातले सहा जण पंचेचाळिशीच्या पुढचे आहेत. एकाच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. एकीला लहानपणापासून दमा आहे, हे तिच्याच मैत्रिणीने मला सांगितलं. मग हे फॉर्म कोणासाठी भरलेत? मी नाव कापीन या भीतीने? रक्तदाब आटोक्यात असलेली, दमा असलेली, मधुमेह असलेली माणसं डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि तयारीने तिथे जाऊन येतात. पण ते गाईडला माहीत असावं लागतं. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, ते रात्री अंगाशी धरून झोपावं लागतं. साखर मोजायचं यंत्र थंडीत दगा देतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत, आणि उंचीवर ती वाढणं गरजेचं असतं. हे तुमच्या डॉक्टरांशी आत्ता बोलायचं, की तिथल्या वाटेवर, लोबुचेच्या लॉजमध्ये रात्री दोन वाजता?

आणि ते वाक्य पुन्हा माझ्या कानावर घालू नका: "सर, आपण पैसे भरलेत, गाईड आहेच ना, तो बघेल." गाईड काय बघेल? वाट बघेल, हवामान बघेल, मुक्काम बघेल, तुमची चाल आणि तुमचा चेहरा बघेल. तुमच्या डोक्यात दुखतंय की नाही, हे त्याला तुमच्या तोंडूनच कळणार. रोज संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी येऊन प्रत्येकाला विचारतो: डोकं? भूक? झोप? खोकला? उद्या वर जायचं की थांबायचं हे तो त्या उत्तरांवर ठरवतो. तुम्ही "मस्त" म्हणालात की तो तुम्हाला वर नेणार. तुम्ही त्याला आंधळा करता आणि मग त्याच्याच भरवशावर चालता.

उंची म्हणजे काय हे तुमच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. आपला अख्खा महाराष्ट्र कळसूबाईवर संपतो, १,६४६ मीटरवर. लुक्लाला विमानातून पाय खाली ठेवाल तेव्हा तुम्ही साधारण २,८५० मीटरवर असाल, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी बाराशे मीटर. आणि तिथून ट्रेक सुरू होतो. नामचे ३,४४० मीटर, दिंगबोचे ४,४१०, गोरक्षेप ५,१६४, बेस कॅम्प ५,३६४. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे बेस कॅम्पला एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. आज तुम्ही जो सहाशे मीटरचा चढ धापा टाकत चढलात, जवळपास तेवढाच चढ दूधकोशी नदीच्या पुलापासून तेंगबोचेपर्यंत आहे. फरक इतकाच की तो सुरूच होतो सव्वातीन हजार मीटरवर. सह्याद्री तुमचे पाय तयार करील, गुडघे तयार करील, पाठ तयार करील. उंचीची तयारी तो करून देऊ शकत नाही. ती फक्त तिथे, वेळ देऊन होते.

१९५३ च्या मोहिमेतली माणसं काठमांडूच्या खोऱ्यातून चालत निघाली होती. तेंगबोचेला पोहोचायला त्यांना दोन आठवड्यांहून जास्त लागले, आणि त्यानंतरही आसपासच्या शिखरांवर चढ-उतार करत त्यांनी कित्येक दिवस नुसती शरीराला सवय लावली. ती हिलरी-तेनझिंगची मोहीम होती! लुक्लाची धावपट्टी १९६४ मध्ये झाली आणि ते दोन आठवडे अर्ध्या तासावर आले. जो वेळ त्या माणसांना वाटेने आपसूक मिळत होता, तो तुम्हाला मुद्दाम काढावा लागतो. म्हणून नियम आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे त्याच ठिकाणी काढायची. नामचे आणि दिंगबोचे इथे आपण दोन-दोन रात्री काढतो त्या यासाठी. परवा कुणीतरी विचारलं, "नामचेचा एक दिवस वाचवला तर सुट्टी कमी लागेल ना?" ज्याने विचारलं त्याने आजच ठरवावं, की त्याला सुट्टी वाचवायची आहे की जीव.

आता ऐका तो प्रसंग, कारण तुम्हाला वाटतं हे सगळं दुसऱ्यांना होतं. मागच्या एका तुकडीत पस्तिशीचा एक तरुण होता. धावणारा, सडपातळ, सरावात सगळ्यांत पुढे. दिंगबोचेला त्याचं डोकं दुखायला लागलं. त्याने कुणाला सांगितलं नाही, गुपचूप वेदनाशामक गोळ्या घेत राहिला. गाईडने विचारलं की "एकदम मस्त". लोबुचेला डाळभाताचं ताट त्याने तसंच सारलं आणि म्हणाला, दुपारी जास्त खाल्लं. मध्यरात्रीनंतर तो उठला आणि त्याला बूट घालता येईनात. डावा बूट उजव्या पायात कोंबत बसला होता. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर तिसऱ्या पावलाला कलंडला. मेंदूला सूज येत होती. त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं, आणि तेही त्याच क्षणी. कडाक्याच्या थंडीत, टॉर्चच्या उजेडात, थुक्लाच्या दगडधोंड्यांतून एक सहायक गाईड आणि एक पोर्टर त्याला दोन्ही काखांत धरून खाली फेरीचेला घेऊन गेले. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र तिथे आहे. ही संस्था १९७३ पासून हेच काम करते, हंगामात तिथे डॉक्टर असतात. तो वाचला. पण त्याला नेणारी ती दोन पोरं आदला सगळा दिवस तुमच्यासारख्यांच्या पिशव्या आणि वेळापत्रक सांभाळत चालली होती. त्यांच्यातला एखादा त्या अंधारात घसरला असता तर? एका माणसाच्या "मस्त" या शब्दासाठी?

तो अशक्त नव्हता, उलट तंदुरुस्त होता. हे जिममध्ये जाणाऱ्यांनी आणि मॅरेथॉनची पदकं मिरवणाऱ्यांनी नीट ऐका. तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट पायांत ताकद असते म्हणून माणूस भरभर चढतो आणि शरीराला जुळवून घ्यायला सवडच देत नाही. तिथले गाईड सारखं "बिस्तारै, बिस्तारै" म्हणत असतात. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल, तेवढाच तुमचा वेग. आज वर पोहोचल्या पोहोचल्या किती मिनिटांत चढलो हे तिघांनी एकमेकांना सांगितलं. तिथे हा आकडा कुणी उच्चारला तर त्याला मी शेवटच्या माणसाच्या मागे चालायला लावीन.

तुम्ही काय काय विकत घेऊन बसला आहात, तेही मला कळलंय. कापराच्या पुरचुंड्या. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. औषधाच्या दुकानातले ऑक्सिजनचे छोटे डबे. काही मिनिटांत संपतात, आणि त्या मिनिटांत तुम्हाला वाटतं की खाली उतरायची गरज नाही. तिथलं लसणाचं सूप चवीला चांगलं आहे, जरूर प्या, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. डायमॉक्सची गोळी उपयोगाची आहे, ती शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. आणि ती घेतली म्हणजे चढण्याचा वेग दुप्पट करायचा परवाना मिळाला असं होत नाही. मित्राने दिली, नेटवर वाचलं, असं सांगत कुणी माझ्यासमोर गोळी तोंडात टाकलेली मला चालणार नाही. डोकं दुखत असताना वेदनाशामक घ्यायची ती गाईडला सांगूनच. नाहीतर दुखणं दबतं आणि आजार वाढत राहतो. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, थुंकीत फेस किंवा लालसर रंग दिसत असेल, तर ते फुप्फुसात पाणी होण्याचं लक्षण आहे. ते लपवणारा माणूस सकाळ बघेलच याची हमी मी देत नाही.

मघाशी वर येताना घोषणा झाल्या, आपण मावळे आहोत, आपल्याला काय होतंय. घोषणेला माझी हरकत नाही. पण मावळ्यांना या डोंगरातली प्रत्येक घळ, प्रत्येक पाणवठा पाठ होता. ते तयारीनिशी उतरत होते. त्यांचं नाव घेऊन तयारीला सुट्टी देणं मला सहन होत नाही.

पोर्टरचंही सांगतो, कारण त्याचा विचार तुमच्या एकाही प्रश्नात आला नाही. तुमच्यातल्या दर दोघांच्या मोठ्या पिशव्या मिळून एक माणूस वाहणार. त्यातले बरेच जण शेर्पा नसतात, खालच्या खोऱ्यांतून आलेले राई, तामांग, मगर असतात. त्यांनाही उंची लागते, त्यांचंही डोकं दुखतं, आणि मजुरी बुडेल म्हणून तेही सांगत नाहीत. तुम्ही तरी खरं बोलायला शिकलात तर त्यांना विचारायचा हक्क तुम्हाला राहील. मोठ्या पिशवीचं वजन दहा किलोच्या वर जाता कामा नये. हेअर ड्रायर, जीन्स, तीन-तीन जॅकेटं घरी ठेवा. सुती कपडे घामाने ओले झाले की थंडीत वाळत नाहीत. लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे घ्या. नवे बूट उद्यापासून रोज पायात दिसले पाहिजेत, ऑफिसला जातानासुद्धा. तिथल्या पहिल्या उतारावर नखं काळी पडली तर रोजची चाल संपते.

रजेचंही तसंच. लुक्लाची विमानं ढग आले की उडत नाहीत, कधी दोन दोन दिवस. हेलिकॉप्टरही ढगात येत नाही. परतीच्या तारखेला लागून ज्याने महत्त्वाची मीटिंग ठेवली आहे त्याने ती हलवावी. विमा काढताना पाच हजार मीटरच्या वरची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका, या दोन्ही गोष्टी पॉलिसीत आहेत का, ते स्वतः वाचा. एजंटने सांगितलं, हे उत्तर मला नको.

मी ओरडतोय याचं वाईट वाटत असेल तर वाटू द्या. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर माझ्याकडे आहे आणि त्यातला एकही मला फेरीचेहून लावायचा नाही.

आता कामाचं. उतरताना सगळ्यांनी पाठीवर दगड घ्यायचे, सात किलो होईपर्यंत, आणि पायथ्याला ते खाली ठेवायचे. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर असते, म्हणून उतरताना पळायचं नाही. गाडीने वर आलेल्यानेही आमच्याबरोबर पायीच उतरायचं. पुढच्या रविवारी इथेच, पहाटे पाचला, आणि शनिवारी आदल्या दिवशीही तीन तास चाल, म्हणजे थकलेल्या पायांनी चढायची सवय लागेल. फॉर्म मी परत आणले आहेत. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सहीने पुन्हा भरून द्या. ज्याला हे जमणार नाही, ज्याची तब्येत आत्ता तयार नाही, त्याने आठवड्याभरात मला एकट्याला गाठून तसं सांगावं. मी त्याचं नाव कापणार नाही, एप्रिलच्या तुकडीत घालीन, आणि तोवर दर रविवारी त्याच्याबरोबर इथे येईन.