दाव्याची लांबी

जून-जुलैचे दिवस आले की आमच्या डोंबिवलीत पावसाच्या जोडीने आणखी एक चर्चा सुरू होते. ‘नीट’चा निकाल लागलेला असतो आणि ज्या घरी डॉक्टर होऊ पाहणारे मूल असते, त्या घरी पसंतीक्रमाचा अर्ज भरायचा असतो. कोणते महाविद्यालय पहिले लिहायचे, कोणते दुसरे, कोणते अगदी शेवटी. मामा, मावश्या, क्लासचे सर, जिन्यात भेटणारे शेजारी, सगळेच आपापली अक्कल त्या यादीत ओततात. या गडबडीत एक वाक्य दरवर्षी कानावर येते : “काय करणार, बिचारीला घर सोडून लांब जाता येत नाही ना!”

त्या ‘बिचारी’ने यंदा माझा पिच्छा पुरवला. घराशी बांधलेल्या माणसाने जवळचे ते निवडले, तर त्याने काही निवडले असे म्हणावे की नाही? आणि निवडले म्हटलेच, तर ते निवडणे मोकळ्या माणसाच्या निवडण्यापेक्षा हलके समजावे काय?

आमच्या भागाची गोष्ट अशी आहे. कल्याण-डोंबिवलीच्या मुलाला सरकारी किंवा महापालिकेचे दार हवे असेल, तर एका बाजूला कळवा आणि दुसऱ्या बाजूला अंबरनाथ. कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेने १९९२ साली काढले. अंबरनाथचे सरकारी महाविद्यालय अगदी कालचे, २०२४ सालचे. त्यापलीकडे रेल्वेच्या रुळावर मुंबईची थोर घराणी बसलेली : शीवचे लोकमान्य टिळक, परळचे के. ई. एम., भायखळ्याला उतरून जे. जे., आणि जरा वाट वाकडी करून नायर. नवी मुंबईत अभिमत विद्यापीठे आहेत, पण तिथे वर्षाची फी २० लाखांच्या पुढे जाते. तेव्हा बहुतेक घरांत त्यांची नावे उच्चारून लगेच पुसली जातात.

म्हणजे पाहा, डोंबिवलीचा बांधलेला माणूस तसा सुखी बांधलेला. उत्तम म्हणतात ती महाविद्यालये त्याच्या लोकलच्या टप्प्यात आहेत. अडचण असते ती गुणांची. गडचिरोलीच्या एखाद्या मुलीला असेच घर सोडता येत नसेल, तर २०२४ पर्यंत तिला जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. एकच अडचण, पण ती कुठल्या गावात जन्मली यावर तिचे वजन ठरते. पूर्वी महाराष्ट्रात विभागवार ७०:३० असा नियम होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन विभागांत त्या त्या विभागातल्या मुलांसाठी ७० टक्के जागा राखलेल्या असत. २०२० साली सरकारने तो रद्द केला आणि साऱ्या राज्याची गुणवत्तायादी एक झाली. मला तो निर्णय न्यायाचा वाटतो. पण त्या दिवसापासून कळव्याच्या जागेवर राज्यातल्या कोणाचाही डोळा असू शकतो, आणि अर्जात ‘घरी आजारी माणूस आहे’ असा रकाना नाही. तो असावा असेही मी म्हणणार नाही. तसा रकाना निघाला, तर महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत एकाएकी कोणीतरी अंथरुणाला खिळेल!

दूर जाण्याचा मोठेपणा सांगायचा झाला, की आमच्याकडे आनंदीबाई जोश्यांचे नाव निघते. आणि ते निघावेच, कारण ती कल्याणच्या जोश्यांची मुलगी. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. पुढे गोपाळराव पोस्टाच्या नोकरीत बदलत बदलत बंगालमध्ये श्रीरामपूरला पोचले. अमेरिकेलाच का जायचे, एकटीनेच का जायचे, या लोकांच्या प्रश्नांना तिने तिथल्या भर सभेत उभे राहून उत्तरे दिली, आणि एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट धरली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी १८८६ च्या मार्चमध्ये हाती आली. पण आपण एक गोष्ट सहसा सांगत नाही. ज्या १८८३ साली ती निघाली, त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने बायकांना दार उघडले. कल्याणला आगगाडी तर १८५४ पासूनच येत होती. दार थोडे आधी उघडते, तर कदाचित ही मुलगी कल्याणहून भायखळ्याला जाऊन शिकली असती, आणि तेवढीच मोठी डॉक्टर झाली असती. कदाचित जगलीही असती. ती परत आली ती क्षय घेऊन, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली; बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

तेव्हा तिच्या चरित्रातून ‘लांब जावे’ असा धडा काढणे मला पटत नाही. ती लांब गेली, कारण जवळची दारे बंद होती. शिवाय ती मोकळी तरी कुठे होती? तिच्या शिकण्यात तिची इच्छा किती आणि गोपाळरावांचा हट्ट किती, हा हिशेब आजवर कोणाला नीट मांडता आलेला नाही. गुराच्या गळ्यातले दावे असते ना, तसे तिचे दावे फार लांब होते एवढेच. ते फिलाडेल्फियापर्यंत पुरले, आणि त्यानेच तिला परत कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या नेमणुकीपर्यंत ओढून आणले. तिथे रुजू होण्याइतके आयुष्य मात्र उरले नाही.

उलट बाजूला आपल्याकडे पुंडलिक आहे. दारात देव उभा, आणि हा आईबापांचे पाय चेपीत म्हणतो, थांब जरा त्या विटेवर. घरी राहण्याचा याहून मोठा गौरव कुठल्या समाजाने केला असेल असे मला वाटत नाही. पण कथेतला एक बारकावा पाहावा. ‘बस इथेच’ असे त्याच्या आईबापांनी त्याला म्हटल्याचे त्यात कुठे येत नाही. ती सेवा त्याची त्याने उचलली होती. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो : दावे किती आखूड हा प्रश्न मागाहूनचा, आधी त्याची गाठ कोणी मारली ते पाहावे.

आमच्याच इमारतीत एक घर आहे. वडिलांची मूत्रपिंडे निकामी झालेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर खेपेला चार तास. आई नोकरी करते, त्याशिवाय घर चालणार नाही. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला. वडिलांना नेणे-आणणे बारावी झालेल्या मुलीकडे. यंदा तिला गुण असे मिळाले, की परळ-भायखळ्याची आशा नाही, कळवा-अंबरनाथ काठावर, आणि मिरज, लातूर, नांदेडकडे कुठे तरी नक्की. अर्ज भरताना मला बोलावले होते, कारण या वयात माणूस सल्ला न देता बसू शकतो असा लोकांचा समज असतो.

आई म्हणाली, “कळवा, अंबरनाथ आणि मुंबईची चार. एवढी पुरेत. हिला बाहेर जायचंच नाहीये.”

“हो आजोबा, मला नाहीच जायचं,” मुलगी म्हणाली.

पलंगावरून वडिलांनी विचारले, “बाळ, हे तुझं म्हणणं की आईचं?”

कोणीच काही बोलले नाही. आईला मी दोष देत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला आपली गरज आणि मुलीची इच्छा यांतली रेघ दिसेनाशी होते. पण थोरल्याला पुण्याची नोकरी लागली तेव्हा त्याचे दावे मोजायचे कोणाच्या मनातही आले नव्हते, हे खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी आठवले असावे.

या अर्जाची रीत मोठी प्रामाणिक आहे. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या गुणांत बसणारी पहिली जागा देतो. खाली एखादे नाव वाढवले म्हणून वरच्याचे काही बिघडत नाही. मात्र जिथे जाणारच नाही ते नाव लिहू नये, कारण ती जागा दुसऱ्या कोणाची असते. म्हणून शेवटचे नाव लिहिणे सर्वांत कठीण. आपल्या दाव्याची लांबी तिथे आपल्याच हाताने लिहावी लागते.

मुलीने थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, “माझंच म्हणणं आहे, बाबा. पण शेवटी मिरज लिहिते. फोन आला तर सकाळी पोचता आलं पाहिजे, तेवढंच.”

“महालक्ष्मीनं रात्री बसलं की पहाटे कल्याण,” वडील म्हणाले. लातूर-नांदेडचे नाव कोणी काढले नाही.

मग मी एवढेच विचारले, की समजा कळवाच मिळाला, तर मंगळवारी डायलिसिसला कोण बसणार? व्याख्यानांना ७५ टक्के हजेरी लागते, प्रात्यक्षिकांना ८०. मुलगी चार स्टेशने पलीकडे असली काय आणि मिरजेला असली काय, सकाळी दहा वाजता ती शवविच्छेदनाच्या टेबलापाशीच असणार. हा विचार त्या घरात कोणी केलाच नव्हता. मुलगी जवळ राहिली की सारे निभेल, असे धरून ती सहा नावांची यादी तयार झाली होती, आणि कळव्याच्या काठावर नशीब हुकले असते तर त्या भ्रमापायी तिचे एक वर्ष गेले असते.

आईने पाठकोऱ्या कागदावर तीन वार लिहिले. त्याच रात्री पुण्याला फोन झाला. तो बराच वेळ चालला, आणि गोडीत चालला असे नाही.

दुसऱ्या फेरीत मुलीला यादीतली एक जागा मिळाली. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही; लिहिले की वाचक त्या नावावरून यादी बरोबर होती की चूक ते ठरवून मोकळे होतील. शनिवार थोरल्याने घेतला आहे, शुक्रवारी रात्री तो पुण्याहून येतो. गुरुवारी तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर जातात. मंगळवार माझ्याकडे आला आहे. चार तास लांबतात. मी वर्तमानपत्र नेतो, पण अग्रलेख वाचून दाखवलेला त्यांना मुळीच आवडत नाही.