रस्त्याचें पाप आणि रस्त्याचें पुण्य

पौल बंदिवान होऊन रोमकडे चालला असतां बंधुजन अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे आले, हें आपण प्रेषितांच्या कृत्यांत पुष्कळदां वाचितों. परंतु ज्या रस्त्यावर ही भेट झाली, तो कोणीं व कशासाठीं बांधिला, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो.

अप्पियस क्लौडियस नामक रोमी अधिकाऱ्यानें इ. स. पूर्वीं ३१२ ह्या वर्षीं रोमपासून कापुआ नगरापर्यंत सुमारें १२० मैलांच्या ह्या रस्त्यास आरंभ केला. त्या वेळीं दक्षिणेकडील साम्नी लोकांशीं युद्ध चाललें होतें, व तिकडे सैन्य लवकर पोहोंचणें अवश्य होतें. रोमी कारागीर दगड व खडी ह्यांचे थर घालीत, रस्त्याचा मध्य किंचित् उंच ठेवीत, आणि पाणी निघून जावें म्हणून बाजूंस चर खणीत. त्यामुळें पावसाळ्यांतही सैन्य व जासूद अडून राहत नसत.

पौल जेथें जहाजांतून उतरला त्या पुत्युलाजवळ ज्वालामुखीची राख सांपडते. ती चुन्यांत मिसळली असतां चुना पाण्याखालींही दगडासारखा घट्ट होतो. ती राख जहाजांनीं नेऊन हेरोद राजानें कैसरियाचें बंदर बांधविलें. नीम शहरास पाणी नेणारा पाट सुमारें ३० मैल लांब असून त्याचा एकंदर उतार ६० फुटांहूनही कमी होता. तरवारीनें मिळविलेलें राज्य अशा रस्त्यांनीं, बंदरांनीं व पाटांनीं टिकलें.

आतां त्याच रस्त्याची दुसरी गोष्ट ऐका. स्पार्टाकस ह्याच्या पुढारीपणाखालीं गुलामांनीं बंड केलें. तें मोडल्यावर, इ. स. पूर्वीं ७१ ह्या वर्षीं, धरलेल्या सुमारें ६,००० गुलामांस कापुआपासून रोमपर्यंत ह्याच रस्त्याच्या कडेनें वधस्तंभांवर खिळण्यांत आलें. त्यानंतर सुमारें १३० वर्षांनीं पौल तेथून चालत गेला.

मग हा रस्ता चांगला म्हणावा कीं वाईट? कोणी म्हणतील, दगडास दोष नाहीं, दोष चालविणाऱ्याचा. परंतु रस्ता आपोआप झाला नाहीं. दुसऱ्यांस जिंकावें ह्याच हेतूनें तो आंखिला होता. दुसरे कोणी म्हणतील, त्यावरून सुवार्ता गेली, म्हणून रोमचें सर्व कृत्य देवास मान्य झालें. हेंही खरें नव्हे. योसेफाच्या विकण्यांतून देवानें पुष्कळांचे प्राण वांचविले, तरी भावांचें पाप पापच राहिलें. देव वांकड्या कामांतून सरळ फळ काढितो; ही त्याची कृपा आहे, करणाऱ्याचें समर्थन नव्हे.

कौशल्य मनुष्याचें बळ वाढवितें. तें बळ कोणाच्या सेवेस लावावें, हें तें शिकवीत नाहीं. म्हणून, प्रिय वाचकहो, आपल्या गांवीं रस्ता, पूल किंवा विहीर होईल, तेव्हां आनंद अवश्य करा. पण दोन प्रश्न विचारावयास विसरूं नका. ज्यानें दगड फोडिले, त्याची मजुरी त्याच्या हातीं पडली काय? आणि ज्याला सर्वांत अधिक गरज, त्यालाही तेथें येण्याची मोकळीक आहे काय? रोमच्या कारागिरांनीं उतार, चुना व दगड ह्यांचा हिशेब अचूक केला. मनुष्याचा हिशेब मात्र चुकला.