इच्छापत्र: श्रीमंतांचे की सर्वांचे?

मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्याकडची वडीलधारी मंडळी लगेच म्हणतात, "शुभ बोल रे नाऱ्या!" अमेरिकेत घर झाले, मुले झाली, निवृत्तीची गंगाजळी साठली की आपण वकिलाला बऱ्यापैकी डॉलर मोजून ते करून घेतो. त्यामुळे मनात एक समीकरण पक्के बसते: ज्याच्याकडे काही आहे, त्यानेच इच्छापत्र करावे.

इथल्या काही विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी मात्र अनुभवी वकिलांच्या देखरेखीखाली अल्प उत्पन्नाच्या लोकांची इच्छापत्रे विनामूल्य तयार करून देतात. यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. विनामूल्य कायदेसेवेचे तास मोजकेच असतात. ज्याला आज घराबाहेर काढले जात आहे त्याला ते द्यावेत, की मरणानंतरच्या व्यवस्थेसाठी खर्च करावेत?

याचे उत्तर न्यू ऑर्लिन्सने दिले. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना वादळ आले आणि शहर पाण्याखाली गेले. तिथल्या अनेक कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे पिढीजात होती. आजोबांनी पै-पै जोडून घर घेतले. ते गेल्यावर मुले, नातवंडे तिथेच राहिली. इच्छापत्र नव्हते आणि वारसनोंदही कुणी केली नव्हती. कागदोपत्री मालक दिवंगत आजोबाच! 'रोड होम' या पुनर्बांधणी योजनेने मालकीचा पुरावा मागितला, तेव्हा वर्षानुवर्षे त्याच घरात राहिलेली माणसे अडकली. आधी गावोगावी पांगलेली भावंडे शोधा, वारसा सिद्ध करा, मग मदत. फेमाने अशा कुटुंबांसाठी पुराव्याचे नियम सैल केले, ते 2021 साली. गावाकडच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचे नाव असलेल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

वादळ न येताही असे घर जाऊ शकते. एखाद्या वारसाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर तो वाटणी मागून अख्ख्या घराची विक्री घडवून आणू शकतो. म्हणजे आजची बेघर होण्याची वेळ आणि काल न केलेले इच्छापत्र हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. आमच्या संगणकाच्या धंद्यात बॅकअपचे कौतुक कुणी करत नाही. तो नव्हता हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते. ज्याच्याकडे एकच घर आहे, त्याला तर चूक परवडतच नाही.

तरीही मला यातली मोठी गोष्ट घर वाचणे ही वाटत नाही. न्यू ऑर्लिन्समधल्याच टुलेन विद्यापीठाने 1987 साली कायद्याच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सेवा सक्तीची केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिलेच विधी महाविद्यालय. अशा सेवेत विद्यार्थी काय शिकतो? समजा, एखादी आई म्हणते, "घर धाकटीला द्या, माझे आजारपण तिनेच काढले." लुईझियानात इच्छापत्र नसेल तर मुलांचे वाटे समान. मुले 24 वर्षांची झालेली असली आणि त्यांतले कुणी कायमचे असमर्थ नसले, तर आईला वेगळे ठरवता येते. विद्यार्थ्याला ते थोरल्यावर अन्याय करणारे वाटेल. पण त्याने पाहायचे एवढेच, की ती समजून-उमजून बोलते आहे ना, कुणाचा दबाव नाही ना. म्हणूनच नातेवाइकांना खोलीबाहेर बसवायचे. मग ती सांगेल तसे लिहायचे.

दान देताना काय द्यायचे ते देणारा ठरवतो. गरिबाच्या वाट्याला आयुष्यभर असेच इतरांचे निर्णय येतात: धान्य किती, घर कुठे, रांग कोणती. इथे मात्र एक शिकलेला माणूस समोर बसून विचारतो, "तुमची इच्छा काय?" म्हणून याला मी दानधर्म म्हणणार नाही, न्याय म्हणेन.

आपल्या भाषेने या कागदाला इच्छापत्र असेही सुंदर नाव दिले आहे. इस्टेट थोड्यांनाच असते. इच्छा प्रत्येकाला असते. आपल्या मंडळातही वकील आहेत, कायदा शिकणारी मुले-मुली आहेत. वर्षातला एक शनिवार या प्रश्नासाठी त्यांनी जरूर द्यावा.