बाग कुणाच्या सोयीने आखली?

सायखेड्याहून गोदावरीवरचा पूल ओलांडला की चांदोरी. नदीच्या दोन्ही अंगांना ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षाच्या बागा. निफाड तालुक्यातल्या या गोदाकाठाला कुणी औद्योगिक वसाहत म्हणणार नाही. तरी ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून काढणी संपेपर्यंत इथे जी माणसे राबतात, त्यांच्या मानाने अनेक कारखाने लहान ठरतील. पेठ-सुरगाण्याकडून, पलीकडच्या डांगातून टोळ्या येतात, बागेच्या कडेला शेडमध्ये राहतात. छाटणी, पेस्टिंग, विरळणी, डिपिंग, काढणी, पॅकिंग असे टप्पे ठरलेले असतात. म्हणजे हे कामाचे ठिकाणच आहे. फक्त तसे कुणी त्याच्याकडे पाहत नाही.

कामगारांच्या स्वास्थ्याची चर्चा सुरू झाली की ती वातानुकूलित कचेरीत जाऊन बसते. योगाचा वर्ग, मानसिक ताणावर व्याख्यान, आरामखुर्च्या. हे सगळे कामाला बाहेरून चिकटवलेले असते. काम जसे आहे तसेच राहते. माणूस थकतो किंवा आजारी पडतो तो कामाच्या आखणीमुळे. उंची किती, वेळ कोणती, मजुरी कशी मोजायची, पाणी किती लांब, हे कुणीतरी आधी ठरवलेले असते. द्राक्षबागेत हे ठरवताना एकाच जिवाचा विचार झालेला दिसतो, आणि तो म्हणजे वेलीचा.

काढणीचेच पाहा. ती सकाळी लवकर करतात, कारण उन्हात तापलेला मणी टिकत नाही. घड सावलीत ठेवायचे, लगेच पॅकहाउसला पोचवायचे, प्रीकूलिंगमध्ये थंड करायचे. घडासाठी सावली हवी हे सगळ्यांना पटलेले असते. दुपारी त्याच बागेत निंदायला बसलेल्या बाईसाठी सावलीचा विषय निघत नाही.

रसायनांच्या बाबतीत ही तफावत आणखी उघडी पडते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि अनेक बागाईतदार पार खचले. त्यानंतर अंश-तपासणी अधिकच काटेकोर झाली. निर्यात प्राधिकरण अपेडाच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर बागेची नोंद असते, नमुना प्रयोगशाळेत जातो, दशलक्षात किती भाग ते पाहिले जाते. आता पेस्टिंग घ्या. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, बऱ्याचदा हातात फडके किंवा स्पंज धरून. हे रसायन त्वचेला पोळते. त्याच्या संपर्कात आलेल्या माणसाने दारू घेतली तर शरीर ती नीट पचवू शकत नाही. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. युरोपीय संघाने २००८ मध्ये सायनामाइडला मान्यता नाकारली, ती प्रामुख्याने ते हाताळणाऱ्यांच्या आरोग्याच्या काळजीने. पण त्याच रसायनाने फुटलेल्या बागेतला घड युरोपात चालतो. फळावर अंश नाही, मग तक्रार कुणाची? मजुराच्या हाताचा नमुना कुठल्याच प्रयोगशाळेत जात नाही.

शौचालयाचेही तसेच. निर्यातीसाठी लागणाऱ्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्राच्या निकषांत काढणी करणाऱ्यांसाठी जवळपास शौचालय आणि हात धुण्याची सोय मागितली आहे. चांगलेच आहे, पण ती अट अन्नाच्या स्वच्छतेच्या प्रकरणात येते. विरळणीच्या दिवसांत, घड अजून कोवळा असताना, बायका दिवसभर बागेत असतात. आडोसा नको शोधायला म्हणून पाणीच कमी पितात. त्या दिवसांची विचारपूस कोण करतो?

यावर नेहमीचे उत्तर असते की शेतीचे काम असेच असते. कॅलिफोर्नियातले शेतमालकही हेच म्हणत. तिथे लेट्यूस आणि बीट यांची विरळणी आखूड दांड्याच्या खुरप्याने, दिवसभर कंबरेत वाकून करावी लागे. लांब दांड्याने पीक बिघडेल, हा मालकांचा दावा. खरी सोय वेगळीही होती: कोण सरळ उभा राहिला, हे मुकादमाला लांबून दिसे. १९७५ मध्ये त्या अवजारावर बंदी आली. शेती बुडाली नाही.

आपल्याकडे उलटा धडा यवतमाळने दिला. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. मास्क घातला नाही म्हणून मजुराला दोष देणे सोपे होते. एवढ्या उंच पिकात, एवढ्या उकाड्यात ते काम माणसाने करावे का, हा प्रश्न आखणीचा होता.

उंचीचा प्रश्न द्राक्षातही आहे. मांडवाच्या बागेत घड डोक्यावर लोंबतात. विरळणी म्हणजे तासन्‌तास मान मागे आणि हात वर. वाय आकाराच्या तारांच्या पद्धतीत घड छाती-खांद्याच्या पातळीला येतात. ती पद्धत पसरली ती ऊन, हवा आणि फवारणी नीट मिळावी म्हणून. मजुरांच्या माना वाचल्या तो योगायोग. नवी बाग लावताना तारांची उंची एकदाच ठरते आणि पुढे कित्येक हंगाम तीच राहते. तेव्हा टोळीतल्या एका अनुभवी बाईला विचारायला काय हरकत आहे?

मजुरीच्या पद्धतीला हात घालणे मात्र अवघड. एकरी उक्ते ठरले की टोळी स्वतःलाच पळवते. जेवणाची सुट्टी आखडते, पाण्याला उठणे जिवावर येते. पण उक्त्यातच चार पैसे जास्त सुटतात, म्हणून टोळीलाही तेच हवे असते. इथे कुणी बाहेरून येऊन उपदेश करू नये.

बागाईतदाराची बाजूही खोटी नाही. नोव्हेंबरातला एक अवकाळी पाऊस, डिसेंबरातली निफाडची थंडी, आणि वर्षाचे गणित संपते. कर्ज त्याच्या डोक्यावर, फवारणीच्या ट्रॅक्टरवर अनेकदा तो स्वतः किंवा त्याचा मुलगा. कायदाही त्याला फारसे काही सांगत नाही: १९५१ चा मळे कामगार कायदा झाला होता तो चहा, कॉफी, रबर, सिंकोना यांच्यासाठी. तेव्हा पेस्टिंगसाठी चांगले हातमोजे, बागेत फिरते शौचालय, दारूबद्दलची सूचना मुकादमामार्फत टोळीच्या बोलीत, दुपारच्या सुट्टीसह ठरवलेले उक्ते, हा खर्च त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकून चालणार नाही. अंश-तपासणीचा खर्च निर्यातीच्या हिशेबात धरला जातो, तसा हाही धरता येईल. द्राक्ष बागाईतदार संघाने आयातदारांशी बोलताना तो मांडायला हवा, आणि फळछाटणीच्या आधी, कारण पेस्टिंग छाटणीपाठोपाठच सुरू होते.